कोपऱ्यातला कुमो

दिवाळी चार दिवसांवर आली, की आमच्या घरात माझी किंमत एकदम वाढते. एरवी वर्षभर मी म्हणजे वह्या तपासणारा, कादंबरीच्या नावाखाली कागद खराब करणारा आणि चहाला मात्र वेळेवर हजर होणारा एक निरुपद्रवी प्राणी. पण जळमटे काढायची वेळ आली, की घरातला सर्वांत उंच माणूस म्हणून सर्वांना माझी आठवण होते. बांबूच्या टोकाला केरसुणी बांधून ही तो माझ्या हातात देते आणि "कोपरे नीट बघा हं, नुसता बांबू फिरवू नका," असे बजावून स्वयंपाकघरात निघून जाते.

यंदाही तसेच झाले. ओटी झाली, माजघर झाले, आणि मी मधल्या खोलीत आलो. या खोलीच्या खिडकीजवळ माझ्या आईची खाट असे. खाट आता तेथे नाही, आईही नाही. पण त्या जागेला घरात अजून 'आजीचा कोपरा' असेच म्हणतात. मी बांबू उचलला, वर पाहिले, आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाला, "कुमो!"

"काय म्हणालात?" आतून आवाज आला.

"काही नाही. कोळी आहे."

"मग काढा की. त्याचं बारसं कसलं करत बसलात?"

चाळिशी उलटलेला, मॅट्रिकच्या पुढे कॉलेजचे तोंड न पाहिलेला, इंग्रजीशीसुद्धा जन्मभर नुसती तोंडओळखच ठेवलेला एक मराठी मास्तर. त्याच्या तोंडी कोळ्याला पाहून जपानी शब्द यावा ही गोष्ट विचित्र आहे खरी. ती कशी घडली ते सांगतो. बांबू तूर्त भिंतीला टेकवून ठेवतो.

आमची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी एका रात्री जेवताना तिने जाहीर केले, की ती जपानी शिकणार आणि परीक्षा पास झाली की जपानला जाणार. तिकडे दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत आणि त्यांची शुश्रूषा करायला हात अपुरे पडतात, असे तिने सांगितले. परदेशातल्या कामकऱ्यांसाठी जपानने एप्रिल २०१९ पासून नव्या तऱ्हेचा परवाना सुरू केला आहे, जानेवारी २०२१ मध्ये आपल्या सरकारशी तसा करार झाला आहे आणि त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचे काम आहे, ही सारी माहिती तिने आधीच गोळा करून ठेवली होती.

मी ताटावरून मान वर न करता म्हणालो, "म्हातारी माणसं सांभाळायला इतक्या दूर कशाला जायला हवं? इकडे काय म्हातारी माणसं संपली?"

ती काही बोलली नाही. हिने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मला आमटी एकाएकी खारट लागू लागली. त्या नजरेचा अर्थ पुढे सांगेन.

अलिबागेजवळच्या आमच्या गावातून दर रविवारी ती मांडव्याला जायची, तेथून बोटीने मुंबईला. पावसाळ्यात बोट बंद, तेव्हा एस.टी.ने. रात्री परत यायची आणि दुसऱ्या दिवसापासून पाठांतर सुरू. जुन्या लग्नपत्रिका कापून तिने चिठ्ठ्या केल्या होत्या. एका बाजूला जपानी अक्षरे, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. या चिठ्ठ्या समोर धरायला कोणीतरी हवे होते. हिच्या हाताला उसंत नव्हती. तेव्हा विरोधी पक्षाचा पुढारी जो मी, त्याच्याच हातात ती गड्डी आली. मास्तराच्या हातात पाठांतराची चिठ्ठी आली, की त्याला धीर कुठला निघतो! आठवडाभरात मी "चूक! पुन्हा म्हण," असे ओरडू लागलो, आणि महिन्याभरात, तिच्याआधीच मला उत्तरे येऊ लागली.

पहिल्यांदा मला जवळची वाटली ती त्यांची अक्षरमाला. हिरागाना नावाच्या त्या लिपीत मूळ अक्षरे शेहेचाळीस. जवळजवळ प्रत्येक अक्षर म्हणजे आपल्यासारखा स्वर लागलेला वर्ण. आणि क्रम पाहावा तर काय! आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी चकित झालो. ही तर आपल्या बाराखडीची सख्खी मावसबहीण! बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांच्या अभ्यासासाठी आपली वर्णमाला तिकडे नेली, तिचाच हा ठसा. तेव्हापासून मला जपान थोडे अलीकडे सरकल्यासारखे वाटू लागले.

अशाच एका रात्री ती चिठ्ठी आली. तिच्यावर दोनच अक्षरे होती. पहिले 'कु': पाखराने चोच वासावी तसे. दुसरे 'मो': आमच्या गावातल्या पोरालाही ओळखता येईल असे, मासे धरायचा गळ आणि त्याच्यावर दोन आडव्या रेघा. मागे अर्थ लिहिला होता, 'कोळी'. मी मोठ्याने वाचले, "कुमो."

"ओठांचा चंबू करू नका, बाबा," पोरगी म्हणाली. "'कु' म्हणताना ओठ सैल ठेवायचे. आणि 'कु' थोडा चढा, 'मो' खाली."

मी चारदा म्हटले. चौथ्यांदा तिने मान हलवली. पुढची चिठ्ठी उचलली, तर तिच्यावरही तीच दोन अक्षरे! पोरीने चुकून दोनदा लिहिली असे समजून मी ती फाडणार, तोच मागचा अर्थ दिसला: 'ढग'.

"ही काय भानगड?"

"भानगड नाही. दोन्ही कुमोच."

"उच्चारात फरक असेल."

"टोकियोकडच्या बोलीत तोही नाही. लिहिताना चिनी चिन्हं वापरली तर कळतं. ढगाच्या चिन्हात डोक्यावर पाऊस असतो. कोळ्याला दोन चिन्हं लागतात. दोन्हींच्या डाव्या अंगाला किडा असतो, आणि उजवीकडे एकात 'जाणणे' हे चिन्ह, दुसऱ्यात 'शेंदरी रंग'."

ही उजवीकडची चिन्हे अर्थासाठी नसून केवळ चिनी उच्चारासाठी आहेत, हे मला मागाहून कळले. पण 'जाणता किडा' ही कल्पना मला इतकी आवडली, की ती मी मनातून अद्याप काढलेली नाही. ढगाचे चिन्ह तिकडची मुले दुसरीतच शिकतात. कोळ्याची दोन चिन्हे मात्र रोजच्या वापरातल्या २१३६ चिन्हांच्या सरकारी यादीतसुद्धा नाहीत. म्हणून बहुतेक लोक कोळी साध्या अक्षरांतच लिहितात.

"ते कागदावर झालं," मी म्हणालो. "बोलताना काय? कोणी म्हणालं 'कुमो आहे', तर माणसानं छत्री घ्यावी की केरसुणी?"

पोरगी हसली. "अहो, तीच तर गंमत आहे. तिकडे 'आहे' दोन आहेत."

आणि मग तिने मला जे सांगितले, ते मी आजवर शिकलेल्या व्याकरणातले सर्वांत सुंदर कलम आहे. जपानीत आपल्या मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते. शब्दयोगी अव्ययेही आपल्यासारखीच नामाच्या मागे लागतात. 'भिंतीवर कोळी आहे' याचा शब्दाला शब्द लावून अनुवाद होतो. पण जे जिवंत आहे, आपल्या मनाने हालते, त्याचे असणे 'इरु'. आणि जे तसे नाही, त्याचे असणे 'आरु'. माणूस, मांजर, कोळी यांना इरु. टेबल, डोंगर, ढग यांना आरु. जरा अदबीने बोलायचे तर 'इमासु' आणि 'आरिमासु'. तेव्हा 'काबे नि कुमो गा इमासु' म्हटले, की भिंतीवर कोळी आला. आणि 'सोरा नि कुमो गा आरिमासु' म्हटले, की आभाळात ढग आला. शब्द ऐकून कळत नाही. त्याचे असणे ऐकून कळते.

"आणि झाड?" मी मास्तरी शंका काढली.

"झाडाला आरु."

"झाड जिवंत नाही? आमच्या जगदीशचंद्र बोसांना काय वाटेल!"

"बाबा, झाड आपल्या पायांनी उठून जात नाही ना? जे उठून जाऊ शकतं, त्याला इरु."

ती सहज बोलून गेली. मी चिठ्ठ्यांची गड्डी सारखी करू लागलो.

थोड्या वेळाने मी कुरकुर केली, की कोळ्याला आणि ढगाला एकच शब्द म्हणजे भाषेचे दारिद्र्यच. तेव्हा स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "आणि आपल्यात हो? आपल्यात कोळी किती?"

मी गप्प झालो. कारण त्या एका शब्दाने मला पूर्वी एकदा चांगलेच तोंडघशी पाडले होते. आमच्या शाळेत निम्मी मुले कोळीवाड्यातली. काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गाला मी प्रश्न घातला होता, 'कोळी कोठे राहतो?' एका मुलाने उत्तर लिहिले, 'समुद्राच्या कडेला.' घाईघाईत वह्या तपासणाऱ्या माझ्या लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारली आणि बाजूला लिहिले, 'भिंतीच्या कोपऱ्यात.' दुसऱ्या दिवशी ते पोर वही घेऊन टेबलापाशी आले आणि खाली मान घालून म्हणाले, "गुरुजी, आमी कोपऱ्यात नाय ऱ्हात." वर्गात हसू पिकले नाही, ही त्या वर्गाची थोरवी. मी फुली खोडली, पुरे गुण दिले. पण खोडलेली फुली वहीत दिसतच राहिली.

ही गोष्ट पोरीला ठाऊक होती. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "पण बाबा, मराठीतसुद्धा युक्ती आहे. 'तीन कोळी' म्हटलं तर काही कळत नाही. 'तिघे कोळी' म्हणा!"

खरेच की! तिघे म्हटल्याबरोबर आठ पायांचे कोळी भिंतीवरून पळाले आणि होडीत वल्ही मारणारी माणसे दिसू लागली. इतकी वर्षे मी मराठी शिकवतो, पण हे मला जपानी शिकणाऱ्या पोरीने दाखवले.

मोजण्याच्या बाबतीत जपानी तर आपल्याही पुढे. सपाट वस्तूंना एक शब्द, लांबट वस्तूंना दुसरा, पक्ष्यांना तिसरा. आणि ससा बिचारा परंपरेने पक्ष्यांच्याच मापाने मोजतात! कोळी मोजायचा तो मांजराकुत्र्यांसारखा 'हिकि' लावून. पण तेथेही संधी होतो: एक कोळी 'इप्पिकि', दोन 'निहिकि', तीन 'सान्बिकि'. पुढे दुसरा शब्द जोडला, की कुमोचा 'गुमो' होतो. माश्या पकडणारा तो 'हाएतोरिगुमो', आणि शरद ऋतूत अंगणाअंगणांतून मोठी जाळी ताणून बसणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ती 'जोरोगुमो'. आपण कोळ्याच्या घराला जाळे म्हणतो. म्हणजे माशीच्या बाजूने पाहतो. ते म्हणतात 'कुमो नो सु'. 'सु' म्हणजे घरटे. पाखराचे असते तेच. एकाच वस्तूकडे बघायच्या या दोन जागा.

जुन्या जपानात हमरस्त्यांवर ओझी आणि पालख्या वाहणारे भटके हमाल असत. त्यांना 'कुमोसुके' म्हणत. यातला कुमो कोणता? काही म्हणतात, ढगासारखे वाऱ्यावर भटकणारे म्हणून. काही म्हणतात, कोळ्यासारखे गिऱ्हाइकाची वाट पाहत टपलेले म्हणून. दोन्ही अर्थ चपखल बसतात. आणि शाळा सुटल्याची घंटा झाली, की आमची मुले जशी धूम ठोकतात, त्यालाही तिकडे वाक्प्रचार आहे: कोळ्याची पिल्ले पांगवावीत तशी. कोळ्याची अंड्यांची पिशवी फुटली, की शेकडो पिल्ले वाट फुटेल तिकडे पळतात. मी रोज साडेपाच वाजता शाळेच्या पायरीवर उभा राहून तो देखावा बघतो.

कुमोची एक गोष्टही तिने क्लासातून आणली होती. र्युनोसुके आकुतागावा या थोर लेखकाने ती १९१८ साली मुलांच्या एका मासिकासाठी लिहिली. नाव 'कुमो नो इतो', म्हणजे कोळ्याचा धागा. नरकात तळमळणाऱ्या एका दरोडेखोराने जन्मात एकच पुण्य केलेले असते: पायाखाली येणारा एक कोळी चिरडता चिरडता त्याने सोडून दिलेला असतो. ते आठवून भगवान बुद्ध स्वर्गातून कोळ्याचा एक धागा खाली सोडतात. दरोडेखोर तो धरून चढू लागतो. अर्ध्या वाटेवर खाली बघतो, तर मागून असंख्य पापी चढत आहेत. तो ओरडतो, की हा धागा माझा आहे, उतरा खाली. आणि त्याच क्षणी धागा त्याच्या हाताच्या वरच तुटतो. १८९४ साली अमेरिकेत छापलेल्या, भारतात घडणाऱ्या एका कथेवरून ही सुचली असे अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या बुद्धाची ही गोष्ट अमेरिका आणि जपान अशी मोठी प्रदक्षिणा घालून आमच्या गावी आली.

मी ती चौथीच्या वर्गाला सांगितली. दरोडेखोराचे नाव 'कान्दाता' हे ऐकून आधी पाच मिनिटे हसण्यात गेली. मग मी विचारले, "धागा का तुटला?" मला तात्पर्य हवे होते. पहिल्या बाकावरची एक कोळ्याची मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, त्यानं खाली बगाया नको हुतं. माझा बाबा डोलकाठीवर चढतो तेव्हा खाली बगतच नाय." मी तात्पर्य सांगायचे सोडून दिले.

आता त्या नजरेचा अर्थ.

माझी आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. ते सगळे माझ्या मुलीने केले. मी शाळेत, ही घरकामात. आजीची वेणी, आजीचे औषध, आजीची कूस बदलणे, बारावीचा अभ्यास करता करता पोरीने केले. शेवटच्या महिन्यात आईची वाचा बरीचशी गेली होती. एक दिवस ती सारखी म्हणू लागली, "कोळी... कोळी..." आमच्या दारावर रोज सकाळी मासळी घेऊन कोळीण येते. आईने मासे सोडून वर्ष झाले होते. मला वाटले, आता शेवटी तिला मासळीची वासना झाली. मी दारापर्यंत धावत गेलो, ताजे बोंबील घेतले, हिच्याकडून मऊ करवून घेतले आणि स्वतः भरवायला बसलो. आईने तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "कोळी... कोळी..." मी पुन्हा दाराकडे बघितले. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. "अगं आई, कालच नाही का आणलं? खात नाहीस आणि मागतेस काय?" असे मी बोललो. हे शब्द मी आज येथे लिहितो आहे, ते कोणी वाचून मला बरे म्हणावे म्हणून नव्हे.

त्या संध्याकाळी पोरगी मुंबईहून आली. तिने आजीला काही विचारले नाही. ती खाटेवर आजीशेजारी आडवी झाली, तिच्याच उशीवर डोके टेकले, आणि आजी बघत होती तिकडे बघू लागली. मग म्हणाली, "बाबा, बांबू आणा." खाटेच्या बरोबर वर, तुळईच्या आडोशाला, एक मोठा कोळी बसला होता. दिवा मालवला की तो धाग्यावरून खाली उतरत असला पाहिजे. आई तीन दिवस त्याला भीत होती. हात उचलायची ताकद तिच्यात नव्हती. त्या रात्री ती शांत झोपली.

घरातला सर्वांत उंच माणूस मी. पण खाटेवर पडलेल्या माणसाला काय दिसते, ते उभ्याने दिसत नाही.

अशा मुलीला मी ताटावर बसून विचारले होते, की म्हातारी माणसे सांभाळायला इतक्या दूर कशाला जायचे! इकडे त्या कामाला पोटापुरते पैसे नव्हते आणि मानही नव्हता. तिकडे निदान ती एक विद्या समजतात, तिची परीक्षा घेतात. डिसेंबरच्या परीक्षेत ती पहिल्यांदा थोडक्यात हुकली, जुलैत पास झाली. पुढे कामाची परीक्षाही झाली. गेल्या एप्रिलमध्ये ती गेली. शिझुओका प्रांतात समुद्रकाठच्या एका गावी वृद्धाश्रमात असते. विमानतळावर मी तिला काही उपदेश केला नाही. चिठ्ठ्यांची गड्डी तेवढी पिशवीत घातली. तिने ती काढून माझ्याच हातात ठेवली. "तुमची परीक्षा राहिली आहे," ती म्हणाली.

गेल्या पंधरवड्यात तिचा फोन आला. आमचे सकाळचे सहा, तिचे साडेनऊ. आवाजात काहीतरी होते.

"बाबा, आज गंमत झाली. इथे एक आजी आहेत. फारसं बोलत नाहीत. सकाळी त्यांचे केस विंचरत होते, तर खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, 'कुमो.' मी बाहेर बघितलं. छान पांढरे ढग होते. मी म्हटलं, 'हो आजी, सुंदर आहेत नाही?' त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हणाल्या, 'कुमो.' मी पुन्हा आभाळाकडे बघितलं."

मी इकडे फोन घट्ट धरला.

"मग त्या म्हणाल्या, 'इरु. इरु.' आणि माझ्या अंगावर काटाच आला, बाबा. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले, त्यांच्या डोळ्यांइतकी. तिथून दिसलं. काचेच्या बाहेर मोठं जाळं, मधोमध जोरोगुमो. तिच्यामागे ढग."

"मग? काढलंस?"

"काढायलाच निघाले होते. वाटलं, घाबरल्या असतील, आपल्या आजीसारख्या. तर त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, 'आसा.' म्हणजे सकाळ. मला कळेना. मग माझ्याबरोबरच्या बाईंनी सांगितलं, इकडे म्हणतात, सकाळचा कोळी शुभ, वैऱ्यासारखा वाटला तरी मारू नये. रात्रीचा मात्र ठेवू नये. त्या आजी घाबरल्या नव्हत्या, बाबा. त्या मला दाखवत होत्या."

मग काही क्षण आम्ही दोघेही बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "आता रोज सकाळी विचारतात, 'इरु?' मी बघून सांगते, 'इमासु.' तेवढ्यावर त्यांची न्याहारी होते."

तर असा हा कुमो. भिंतीला टेकवून ठेवलेला बांबू मी पुन्हा हातात घेतला. आजीच्या कोपऱ्यात, तुळईच्या आडोशाला जाळे होते. त्याच्या अलीकडे धुळीने काळे झालेले एक जुने जळमट लोंबत होते.

"अजून झालं नाही का तुमचं?" ही पदराला हात पुसत दारात आली. माझ्याकडे आणि वर पाहिले. दोन वर्षे आमची घोकंपट्टी तिने पोळ्या लाटता लाटता ऐकली आहे, याची मला कल्पनाच नव्हती. तिने शांतपणे विचारले, "काय आहे ते? इरु की आरु?"

मी टाचा उंचावून नीट पाहिले. "जळमट आरु," मी म्हणालो. "पलीकडचा इरु."

"किती वाजले?"

"सव्वानऊ."

"मग सकाळच आहे अजून. जळमट काढा. तो राहू दे दिवाळीपुरता."

मी जळमट काढले. खाली पडलेली धूळ तिने केरसुणीने गोळा केली. तेवढ्यात ओटीवर फोन वाजला. ही माझ्याआधी पोचली असती, पण मी बांबूसकट धावलो. पलीकडून तोच रोजचा प्रश्न आला, आम्हां बापलेकींची नवी थट्टा:

"बाबा, इमासु का?"

"इमासु," मी म्हणालो. "तुझी आईपण इमासु."

"तो बांबू आधी खाली ठेवा," मागून ही म्हणाली, "दिव्याची काच फुटेल."